प्रयोग झाला, शिकणे राहिले

डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षणा’त देशातील सुमारे ७४ हजार शाळांमधील २१ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०२५ मध्ये जाहीर झाले, तेव्हा गणिताचे आकडे साऱ्यांच्या नजरेत भरले. तिसरीच्या विद्यार्थ्यांना गणितात सरासरी ६० टक्के, सहावीच्या विद्यार्थ्यांना ४६ टक्के, तर नववीच्या विद्यार्थ्यांना अवघे ३७ टक्के गुण मिळाले. नववीच्या विज्ञानाची सरासरी ४० टक्क्यांवर अडकली. तिन्ही इयत्तांच्या प्रश्नपत्रिका वेगळ्या आणि मुलेही वेगळी. त्यामुळे या आकड्यांची सरळ वजाबाकी करणे योग्य ठरणार नाही. तरीही दिशा स्पष्ट आहे. मणी, काड्या आणि चित्रे यांच्या सोबतीने सुरू झालेले गणित जसजसे अक्षरांच्या, सूत्रांच्या आणि सिद्धतांच्या प्रदेशात शिरते, तसतशी मुले मागे पडत जातात.

यावर धोरणकर्त्यांनी दिलेले उत्तर एकच आहे आणि ते म्हणजे कृती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अनुभवाधारित शिक्षणाचा पुरस्कार केला. ‘एनसीईआरटी’ने २०२४ पासून आणलेल्या ‘गणित प्रकाश’ या पाठ्यपुस्तकांत कोडी, खेळ आणि गटाने करावयाच्या कृती यांना मोठे स्थान मिळाले. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात येत्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५० हजार अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. महाराष्ट्राला ही भाषा नवी नाही. जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून ‘ज्ञानरचनावाद’ हा शब्द जिल्हा परिषदेच्या शाळांच्या भिंतींवर आणि फरश्यांवर रंगला. ‘बालभारती’च्या विज्ञानाच्या पुस्तकांत तर ‘करून पहा’ ही चौकट नेमाने भेटते.

तेव्हा मुलांनी हाताने काही करावे की नाही, हा वाद आता उरलेला नाही. ज्या प्रश्नाकडे दुर्लक्ष होत आहे तो निराळाच आहे. मुलांनी गटात बसून दोरी टांगली, कागद कापला, वाचने घेतली, त्यानंतर काय? हातांनी जे केले ते वहीतल्या चिन्हांपर्यंत पोचवण्याचे काम कोण करतो, केव्हा करतो आणि त्यासाठी वेळापत्रकात जागा कोठे आहे? या प्रश्नाचे उत्तर न देता साहित्याच्या पेट्या आणि प्रयोगशाळा वाटल्या, तर काही वर्षांनी कृतीच बदनाम होईल आणि खडू-फळ्याकडे परतण्याची मागणी जोर धरेल. असे यापूर्वी एकदा घडलेले आहे.

होशंगाबादचा धडा

१९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १६ माध्यमिक शाळांमधून एक कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांचा त्यात पुढाकार होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून बाहेर पडून खेड्यात आलेले अनिल सद्गोपाल हे त्याच्या प्रमुख प्रवर्तकांपैकी एक. सहावी ते आठवीच्या वर्गात मुलांनी चौघाचौघांच्या टोळ्यांमध्ये बसून प्रयोग करायचे, निरीक्षणे लिहायची, मग साऱ्या वर्गाने मिळून त्यांवर चर्चा करायची आणि निष्कर्षही मुलांनीच काढायचा, अशी ही पद्धत होती. ‘बाल वैज्ञानिक’ या तिच्या पुस्तकांत तयार उत्तरे नव्हती. सूचना आणि प्रश्न होते. १९७८ मध्ये हा कार्यक्रम सबंध जिल्ह्यात लागू झाला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ या संस्थेने पुढे त्याची धुरा सांभाळली आणि तो अन्य जिल्ह्यांतही पसरला.

या कार्यक्रमाची आठवण आज निघते ती बहुधा त्यातील स्वस्त साहित्यामुळे. पुण्यातील टेल्कोमधील नोकरीतून रजा घेऊन १९७८ मध्ये होशंगाबादला गेलेले अभियंता अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीतील काड्या यांपासून भूमितीच्या आकृत्या जोडण्याची युक्ती तेथेच सिद्ध केली. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याचा त्यांचा वसा पुढे पुण्यातील ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बहरला. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या शोधिकेत पुण्यातील कितीतरी शाळकरी मुलांनी आपले पहिले यंत्र स्वतःच्या हाताने बनवले.

परंतु होशंगाबादचे खरे बळ साहित्यात नव्हते. शिक्षकांना सुटीत दीर्घ प्रशिक्षण मिळत असे, दर महिन्याला त्यांच्या बैठका होत, वर्गात अडलेले प्रश्न तेथे मांडले जात आणि विद्यापीठांतील व संशोधन संस्थांतील शास्त्रज्ञ त्या बैठकांना येत. परीक्षाही बदलण्यात आली होती. लेखी परीक्षेला पुस्तक उघडून बसण्याची मुभा होती आणि प्रात्यक्षिकाला स्वतंत्र स्थान होते. वर्गात जे शिकवले जाई तेच परीक्षेत तपासले जाई. ही सारी घडी तीन दशके टिकली. २००२ मध्ये राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला आणि त्या शाळांमध्ये राज्यभराची नेहमीची पुस्तके आली. देशातील अनेक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी निषेध नोंदवला. निर्णय मात्र फिरला नाही. उर्वरित राज्याची परीक्षा, पाठ्यक्रम आणि पालकांच्या अपेक्षा जशाच्या तशा ठेवून एका विषयात, काही जिल्ह्यांत केलेला बदल कितीही भक्कम असला, तरी तो शेवटी बेटासारखाच राहतो, हा त्यातून मिळालेला धडा आहे.

पुरावा काय सांगतो?

कृतिशील अध्यापनाच्या बाजूने पुरावा भरपूर आहे. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित यांच्या महाविद्यालयीन वर्गांवरील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ व्याख्यान चालणाऱ्या वर्गात नापास होणाऱ्यांचे सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्के होते. विद्यार्थी चर्चा करतात, सोडवतात, एकमेकांना समजावतात अशा वर्गात ते सुमारे २२ टक्के होते. २०१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या प्रारंभिक वर्गांवर झालेला एक अभ्यास तर अधिक उद्‌बोधक आहे. गटात प्रश्न सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांना आपण कमी शिकलो असे वाटले. उत्तम वक्त्याचे व्याख्यान ऐकणाऱ्यांना आपण जास्त शिकलो असे वाटले. चाचणीचा निकाल नेमका उलटा लागला. गुळगुळीत व्याख्यान ऐकताना सारे समजल्याचा भास होतो, आणि स्वतः सोडवताना लागणारी ठेच ही अज्ञानाची खूण वाटते. ‘वर्गात मुले नुसती खेळत असतात, शिकवतात केव्हा?’ अशी तक्रार करणाऱ्या आपल्याकडील पालकांच्या मनातही हाच भास असतो.

तथापि दुसऱ्या बाजूचा पुरावाही तितकाच गंभीरपणे घ्यावा लागेल, कारण तो भारतातलाच आहे. दिल्लीतील ‘प्रथम’ संस्थेच्या बालवाड्यांमध्ये सुमारे दीड हजार मुलांबरोबर झालेला एक प्रयोग २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हार्वर्डच्या एलिझाबेथ स्पेल्के आणि एमआयटीच्या एस्थर डुफ्लो या त्यातील संशोधकांपैकी होत. मुले काही महिने गटाने गणिती खेळ खेळली. कोणत्या चित्रात ठिपके अधिक, कोणती आकृती इतरांहून वेगळी, अशा स्वरूपाचे हे खेळ होते. संख्या आणि आकार यांची मुलांची जाण त्यामुळे सुधारली आणि ती सुधारणा वर्षभरानंतरही टिकली. परंतु हीच मुले पहिलीत गेल्यावर अंक आणि चिन्हे यांच्या शालेय गणितात इतर मुलांच्या पुढे गेल्याचे दिसले नाही. हातांना आणि डोळ्यांना कळलेले गणित आपोआप पाटीवर उतरले नाही.

२०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासाने हीच दरी बाजारात दाखवून दिली. कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत विक्रीला बसणारी मुले अनेक वस्तूंच्या किमतींचा गुंतागुंतीचा हिशेब मनातल्या मनात अचूक करतात. तीच मुले शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या साध्या उदाहरणांपुढे अडखळतात. उलट शाळेत जाणारी, पण बाजारात काम न करणारी मुले कागदावरची उदाहरणे सोडवतात आणि प्रत्यक्ष व्यवहारात गडबडतात. अभिजित बॅनर्जी आणि डुफ्लो यांचा सहभाग असलेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष शाळेला अंतर्मुख करणारा आहे. एका बाजूचे कौशल्य दुसऱ्या बाजूला स्वतःहून जात नाही. मधला पूल कोणीतरी बांधावा लागतो, आणि तो बांधणे हेच शिक्षकाचे काम आहे.

एक दोरी, एक दगड

हा पूल म्हणजे नेमके काय, हे एका साध्या उदाहरणाने स्पष्ट व्हावे. लंबकाचा प्रयोग बहुतेक शाळांत होतो. दोरीला दगड बांधायचा, तो थोडा बाजूला ओढून सोडायचा आणि एका आंदोलनाला किती वेळ लागतो ते मोजायचे. याला खर्च जवळजवळ काहीच नाही. चौघांच्या गटात एकजण दगड सोडतो, दुसरा आंदोलने मोजतो, तिसरा घड्याळ पाहतो, चौथा नोंद करतो. एकच आंदोलन मोजले तर घड्याळ सुरू आणि बंद करण्यातली चूक सारे वाचन बिघडवते. दहा आंदोलने मोजून दहाने भागले तर ती चूक दहापट लहान होते. ही युक्ती मुलांना स्वतः सुचणे, हेच मुळात मोठे शिक्षण आहे.

आता समजा, दोरीची लांबी २५ सेंटिमीटर ठेवायला सांगितली आहे. भौतिकशास्त्राच्या नियमानुसार दोलनकाल एक सेकंद यायला हवा. वर्गातील काही गटांचे उत्तर एक सेकंद येते, काहींचे ०.९ येते, एखाद्याचे १.१ येते. बहुतेक वर्गांत या क्षणी शिक्षक ‘बरोबर उत्तर एक सेकंद’ असे सांगून फळ्यावर सूत्र लिहितात. ज्यांचे उत्तर वेगळे आले ती मुले खोडरबर घेतात आणि आकडा दुरुस्त करतात. प्रयोग तेथेच संपतो.

वास्तविक शिकणे येथून सुरू व्हायला हवे. ०.९ उत्तर आलेल्या गटाला पुन्हा मोजायला लावले, तर बहुधा असे दिसते की दगड सोडताक्षणीच मोजणाऱ्याने ‘एक’ म्हटले होते. म्हणजे ‘दहा’ म्हणेपर्यंत आंदोलने झाली नऊच. भागाकार मात्र दहाने केला गेला. कुंपणाचे दहा खांब असतील तर त्यांच्यामधली अंतरे नऊच असतात, हा अंकगणितातला जुना घोळ येथे भौतिकशास्त्रात येऊन बसलेला असतो. १.१ उत्तर आलेल्या गटाने बहुधा फक्त दोरी मोजलेली असते. दगडाच्या मध्यापर्यंतचे अंतर धरलेले नसते. दगड मोठा असेल तर लंबकाची खरी लांबी काही सेंटिमीटरने वाढते आणि दोलनकालही वाढतो. ज्या उत्तरांना वर्ग चूक म्हणून खोडून टाकतो, त्यांच्यात मापन, शून्य आणि लांबीची व्याख्या असे तीन धडे दडलेले असतात.

पुढचा टप्पा गणिताचा आहे. दोरी दुप्पट केली तर वेळ दुप्पट होईल, असा बहुतेक मुलांचा अंदाज असतो. तो प्रयोगापूर्वी वहीत लिहून घेतला पाहिजे, कारण लिहिलेला अंदाज खोटा ठरला तरच तो मनाला बोचतो. प्रत्यक्षात वेळ दुप्पट करण्यासाठी दोरी चौपट, म्हणजे एक मीटर करावी लागते. सर्व गटांची वाचने फळ्यावर एका तक्त्यात मांडली, त्यांचा आलेख काढला आणि तो सरळ रेषेत का येत नाही हे विचारले, तर वर्गमूळ ही संकल्पना गणिताच्या पुस्तकातून उठून प्रयोगशाळेत येते. दोरी टांगण्यापासून वर्गमुळापर्यंतचा हा प्रवास मुले एकट्याने करतील, अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. तो घडवून आणणारा माणूस वर्गात हवा आणि त्यासाठी त्याच्यापाशी वेळ हवा. कमीत कमी मार्गदर्शनाने मुले सारे काही स्वतःच शोधतील या कल्पनेवर २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या अभ्यासकांनी कठोर टीका केली होती. नवशिक्या विद्यार्थ्याला मार्गदर्शनाशिवाय सोडले तर त्याच्या आकलनावर अतोनात ताण येतो, असे त्यांचे म्हणणे होते. कृतिशील शिक्षणाच्या समर्थकांनी ही टीका शत्रूची म्हणून झटकून टाकू नये. लंबकाच्या उदाहरणात शिक्षक गप्प बसलेला नाही. तो उत्तर सांगत नाही, पण पुढचा प्रश्न नेमका विचारतो, आणि त्यासाठी त्याची तयारी व्याख्यान देणाऱ्याहून अधिक लागते.

हात फसवतात तेव्हा

गणितात तर आणखी एक सावधगिरी आवश्यक असते. त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून शेजारी ठेवले की सरळ रेष होते, ही कृती अनेक शाळांत करून घेतली जाते आणि ती सुंदरही आहे. परंतु तेवढ्याने त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश असल्याचे सिद्ध होत नाही. कोनमापकाने मोजले तर एका गटाला १७८, दुसऱ्याला १८१ मिळतात. मग १८० हाच आकडा कशावरून? आणि जे त्रिकोण वर्गात कापलेच नाहीत, त्यांचे काय? शिरोबिंदूतून समोरच्या बाजूला समांतर रेषा काढून केलेला युक्तिवाद या प्रश्नाचे उत्तर देतो. कृतीमुळे विधान पटते, सिद्धतेमुळे ते सर्व त्रिकोणांसाठी पक्के होते. दोन्ही हवीत, आणि त्याच क्रमाने हवीत.

हात फसवू शकतात, हे मुलांना दाखवून देणारी एक जुनी करामत याच कामी येते. आठ सेंटिमीटर बाजूचा चौरस घ्यावा. त्याचे क्षेत्रफळ ६४ चौरस सेंटिमीटर. तो विशिष्ट रीतीने कापून दोन त्रिकोण आणि दोन समलंब चौकोन करावेत. हे चार तुकडे वेगळ्या रीतीने जुळवले की १३ बाय ५ चा आयत तयार झाल्यासारखा दिसतो आणि त्याचे क्षेत्रफळ भरते ६५. एक चौरस सेंटिमीटर आला कोठून? गटागटांत यावर वाद पेटतो. बारकाईने पाहिल्यावर कर्णाच्या जागी तुकड्यांमध्ये एक लांबट, चिंचोळी फट राहिल्याचे ध्यानात येते. तिचेच क्षेत्रफळ एक असते. डोळ्यांना सरळ वाटणारी रेषा सरळ नाही, हे मग चढ मोजून दाखवावे लागते. कागद कापण्याची कृतीच येथे सिद्धतेची गरज निर्माण करते. अशा कृती निवडण्यासाठी शिक्षकाला गणित खोलात जाऊन कळलेले असावे लागते. पेटीबरोबर आलेल्या सूचनापत्रकाने ते साधत नाही.

गटात उपकरण कोणाच्या हाती?

गटाने काम केले की सारे शिकतात, हाही एक सोयीस्कर समज आहे. माणसांची संख्या वाढली की दोरीवर प्रत्येकाचे बळ कमी पडत जाते, असे फ्रेंच कृषी अभियंता मॅक्सिमिलियन रिंगेलमान याने मोजून दाखवले होते. शाळेच्या गटातही काहीसे तेच होते. एक हुशार मूल सारे करते, दुसरे त्याला साथ देते, उरलेली दोघे पाहत राहतात. आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. बऱ्याच मिश्र गटांत उपकरण मुलगा हाताळतो आणि अक्षर चांगले म्हणून नोंदवही मुलीकडे जाते. ज्याच्या घरी शिक्षणाची परंपरा आहे तो बोलतो, पहिल्या पिढीचे मूल ऐकते. वर्गाबाहेरची उतरंड अशी चौघांच्या गटातही येऊन बसते, आणि गटाचा निकाल चांगला लागल्याने ती कोणाला दिसतही नाही.

यावर उपाय आहेत आणि ते जुने आहेत. अमेरिकेतील टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात शाळांमधील वर्णभेद संपवण्याचे प्रयत्न चालू असताना, १९७१ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी तेथील वर्गांतील तणाव पाहून ‘जिगसॉ’ ही पद्धत मांडली. धड्याचा एकेक तुकडा गटातील एकेका मुलाकडे द्यायचा. तो त्याने शिकायचा आणि इतरांना शिकवायचा. प्रत्येकाजवळ इतरांना हवे असलेले काहीतरी असल्याने कोणालाही गप्प बसवता येत नाही. लंबकाच्या प्रयोगात हे करणे अवघड नाही. चार कामांची पाळी दर वाचनाला बदलावी. एका गटाने लांबी बदलावी, दुसऱ्याने वजन, तिसऱ्याने दगड ओढण्याचे अंतर. आणि शेवटी गटाच्या वतीने कोण बोलणार हे शिक्षकाने ऐनवेळी ठरवावे. आपल्यालाही उत्तर द्यावे लागेल हे ठाऊक असलेले मूल नुसते पाहत बसत नाही. या छोट्या नियमांवर कोणत्याही शासन निर्णयाचा खर्च नाही. पण गटकार्य आणि गटाचा देखावा यांतला फरक त्यांनीच पडतो.

तासिकेचा हिशेब

आता शहरातल्या शाळेचे वास्तव पाहू. शिक्षण हक्क कायद्याने उच्च प्राथमिक वर्गात ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण घालून दिले; परंतु माध्यमिक शाळांच्या तुकड्यांत ६० मुले असणे मुंबई-पुण्यात नवलाचे नाही. साठ मुलांचे चौघाचौघांचे १५ गट होतात. तासिका ३५ मिनिटांची. साहित्य वाटण्यात आणि गोळा करण्यात दहा मिनिटे गेली तर उरतात २५. शिक्षक एकेका गटापाशी थांबला तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटेही येत नाहीत, आणि साऱ्या वर्गाची चर्चा तर बाकीच असते. म्हणजे कृतीतला जो भाग सर्वांत मोलाचा, तोच घंटेखाली सापडतो. दुसऱ्या दिवशी पुढचा धडा असतो, कारण पाठ्यक्रम पूर्ण करायचा असतो. पाठ्यक्रमाचे ओझे कमी करा, असे यशपाल समितीने १९९३ मध्येच सांगितले होते. त्यानंतरची एक सबंध पिढी शाळेतून बाहेर पडली, तरी हा सल्ला प्रत्येक नव्या धोरणाला पुन्हा द्यावा लागतो.

परीक्षेचे चित्र याहून वेगळे नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात १०० पैकी २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात आणि ते शाळेच्या पातळीवर दिले जातात. हे गुण सढळ हाताने पडतात, हे गुपित राहिलेले नाही. ओहमच्या नियमाच्या प्रयोगात विद्युतधारेची वाचने आधी घेऊन मग रोध काढण्याऐवजी अपेक्षित रोधावरून वाचने तयार करणे, ही विद्या कितीतरी विद्यार्थी थोरल्या भावंडांच्या जर्नलमधून शिकतात. अकरावी-बारावीत तर प्रवेश परीक्षांच्या शिकवण्यांनी प्रयोगशाळेचा उरलासुरला मानही काढून घेतला आहे. ज्या व्यवस्थेत अचूक दिसणारे खोटे वाचन पूर्ण गुण मिळवते आणि प्रामाणिकपणे घेतलेले चुकीचे वाचन गुण गमावते, तेथे पन्नास हजार प्रयोगशाळांनी वैज्ञानिक दृष्टी येईल असे मानणे भाबडेपणाचे आहे.

या सर्वांची किंमत सगळी मुले सारखी मोजत नाहीत. शहरातील सुस्थित घरातील मुलाचा वर्गातील प्रयोग अर्धवट राहिला, तर संध्याकाळच्या क्लासमध्ये त्याला सूत्र, सराव आणि उत्तरे मिळतात. महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलाला वर्गाबाहेर दुसरा आधार नाही. त्याच्या वर्गात कृती झाली आणि पूल बांधलाच गेला नाही, तर त्याच्याजवळ आनंदाच्या आठवणीपलीकडे काही राहत नाही. कृतिशील शिक्षणाचा हेतू ज्या मुलांसाठी सर्वांत मोलाचा, त्यांचेच नुकसान अर्धवट कृतीने सर्वाधिक होते.

काय करता येईल?

मोठ्या घोषणांची येथे गरज नाही. पहिले, गणित आणि विज्ञान यांच्यासाठी आठवड्यातून किमान एकदा दोन तासिका जोडून द्याव्यात. पहिली कृतीची आणि दुसरी चर्चेची, आलेखाची आणि सिद्धतेची. दुसरे, वर्षभरात करायच्या कृतींची संख्या कमी करून त्या पूर्ण होतील हे पाहावे. लंबकासारखे मोजके प्रयोग शेवटापर्यंत नेणे, चाळीस प्रयोग उरकण्याहून बरे. तिसरे, प्रात्यक्षिक परीक्षेत उत्तराइतकेच महत्त्व वाचनांतील फरकाच्या स्पष्टीकरणाला द्यावे. ‘तुमचे उत्तर अपेक्षेहून वेगळे का आले?’ हा एक प्रश्न जरी नेमाने विचारला गेला, तरी जर्नल नकलण्याचा धंदा पुष्कळ मंदावेल. चौथे आणि सर्वांत अवघड म्हणजे शिक्षकांना महिन्यातून एकदा एकत्र बसून वर्गातल्या अडचणी मांडण्याची जागा हवी. केंद्रशाळेच्या पातळीवर शिक्षण परिषदेची रचना राज्यात आजही आहे. तिचा वेळ परिपत्रके वाचण्याऐवजी एखादा प्रयोग शिक्षकांनीच गटात करून पाहण्यात गेला, तर होशंगाबादचा निम्मा धडा नव्या खर्चाविना अमलात येईल.

अटल टिंकरिंग प्रयोगशाळेसाठी शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्रिमितीय मुद्रक, संवेदक आणि यंत्रमानवांचे सुटे भाग तेथे येतात, आणि ते यायलाही हवेत. परंतु दोरी, दगड आणि हातातले घड्याळ एवढ्या सामग्रीवर जे शिकवता येते तेही ज्या वर्गात पूर्ण होत नाही, तेथे महाग सामग्री कुलपात राहते किंवा पाहुण्यांसमोर चालवून दाखवण्यापुरती उरते. येत्या पाच वर्षांत सरकारचा पैसा प्रयोगशाळांवर खर्च होईल. त्याच्या जोडीला शिक्षकाला वेळ, अधिकार आणि चुकलेल्या वाचनापाशी थांबण्याची मुभा मिळते की नाही, यावरच पुढच्या ‘परख’मध्ये नववीचा आकडा हलणार की नाही हे ठरेल.